बागेत कोळसा, महालात कवायत : वेंटवर्थ वुडहाउसचे बदलते दिवस

रानवारा

दक्षिण यॉर्कशायरमध्ये रॉदरहॅमजवळ वेंटवर्थ नावाचं छोटं गाव आहे. गावात शिरलं की घरोघरी एकाच छटेचे हिरवे दरवाजे दिसतात. जमीनदारी काळातली ती मिळकत आज एका ट्रस्टकडे आहे आणि रंगाचा रिवाज अजून पाळला जातो. गाव मागं पडलं की मोठं उद्यान लागतं, चरणारी हरणं लागतात आणि मग ते घर, वेंटवर्थ वुडहाउस. पूर्वेकडून समोर उभं राहिलं तर ते एका नजरेत मावत नाही, मान फिरवत पाहावं लागतं. दर्शनी भाग ६०६ फूट लांब आहे. ब्रिटनमधल्या कुठल्याही खाजगी हवेलीचा दर्शनी भाग एवढा लांब नाही.

आम्ही याच भागात राहतो. भारतातून कोणी आलं की त्यांना इथं नेणं होतंच. पाहुणे झुंबरं आणि खांबांचे फोटो काढतात आणि 'राजा राहायचा का इथं?' असं विचारतात. राजे इथं पाहुणे म्हणून आले, राहत होते ते दुसरे. पण मला लिहायचंय ते त्यांच्यानंतरच्या काळाबद्दल. या घराचा खरा विलक्षण भाग विसाव्या शतकातला आहे आणि माहितीफलकांवर त्याला सगळ्यात कमी जागा मिळते असं मला दरवेळी वाटतं.

आधीचा इतिहास थोडक्यात. इथला जुना वाडा थॉमस वेंटवर्थचा, म्हणजे अर्ल ऑफ स्ट्रॅफर्डचा (अर्ल ही सरदारकीची एक पदवी). पहिल्या चार्ल्स राजाचा हा मातब्बर मंत्री, १६४१ मध्ये लंडनला त्याचा शिरच्छेद झाला. पुढे मिळकत वॉटसन घराण्याकडे गेली. १७२५ च्या सुमारास थॉमस वॉटसन-वेंटवर्थनं पश्चिमेकडे तोंड करून विटांचं, बरोक म्हणजे भपकेदार, नक्षीकामाच्या थाटाचं घर बांधायला घेतलं. ते पुरतं उभं राहतंय तोवर फॅशन बदलली. लंडनच्या राजकीय वर्तुळात पॅलेडियन, म्हणजे प्राचीन रोमन धाटणीच्या प्रमाणबद्ध शैलीचा बोलबाला झाला, म्हणून गड्यानं त्याच घराच्या पाठीला पाठ लावून पूर्वेकडे दुसरं, दगडी, कितीतरी मोठं घर सुरू केलं. त्याचा वास्तुकार हेन्री फ्लिटक्रॉफ्ट. दोन घरांच्या मधल्या भागात जुन्या वाड्याचे अवशेष अजून आहेत. वॉटसन-वेंटवर्थचा मुलगा चार्ल्स, दुसरा मार्क्विस (अर्लच्या वरची सरदारकी) ऑफ रॉकिंगहॅम, दोनदा ब्रिटनचा पंतप्रधान झाला, १७६५-६६ मध्ये आणि १७८२ मध्ये. त्याला मूलबाळ नव्हतं. १७८२ मध्ये तो वारल्यावर सगळं भाच्याकडे, फिट्झविल्यम घराण्याकडे गेलं.

आणि त्या जमिनीखाली कोळसा होता. बार्न्सली सीम, यॉर्कशायरमधला प्रसिद्ध थर. फिट्झविल्यमांनी शेजारच्या एल्सकार गावात खाणी काढल्या, लोखंडाच्या भट्ट्या उभारल्या, कालवा आणला, कामगारांसाठी घरं बांधली. खाणीतलं पाणी उपसायला १७९५ मध्ये बसवलेलं वाफेचं इंजिन एल्सकारला आजही मूळ जागी उभं आहे. घराचं वैभव पोसलं ते या कोळशानं. म्हणून पुढं जे झालं ते मला फार खोल वाटतं.

दुसऱ्या महायुद्धात घर लष्करानं घेतलं. गुप्तवार्ता विभागाचं, म्हणजे इंटेलिजन्स कोअरचं, प्रशिक्षण केंद्र इथं होतं. मोटारसायकलवरून निरोप पोचवणाऱ्या स्वारांचंही शिक्षण इथं चाले. युद्ध संपता संपता राहण्याची अवस्था इतकी वाईट झाली होती की पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारले गेले.

मग १९४६. मजूर पक्षाचं सरकार, पंतप्रधान ॲटली, इंधनमंत्री मॅनी शिनवेल. देशात कोळशाची टंचाई. शिनवेलनं वेंटवर्थच्या उद्यानात आणि बागेत वरून खोदकाम करून कोळसा काढायचा हुकूम दिला. यंत्रं आली, पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली झाडं पडली, आणि खोदकाम सरकत सरकत पश्चिमेकडच्या घराच्या दारापर्यंत आलं. त्या काळची छायाचित्रं उपलब्ध आहेत. खिडक्यांसमोर काळ्या मातीचे डोंगर दिसतात.

विरोध कोणी केला? घराचा मालक अर्ल फिट्झविल्यम यानं केला, ते साहजिक होतं. पण खाण कामगारांनीही केला! यॉर्कशायरच्या खाण कामगार संघटनेचा अध्यक्ष जो हॉल यानं थेट ॲटलीला कळवलं की ही बाग वाचवायला इथले कामगार वाटेल ते करतील, त्यांच्या लेखी ही जागा पवित्र आहे. संपाची भाषा झाली. शेफील्ड विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी तर इथला कोळसा अगदी हलक्या प्रतीचा आहे असं सांगितलं. काही उपयोग झाला नाही.

हा आठवा अर्ल फिट्झविल्यम, पीटर, १९४८ मध्ये फ्रान्समध्ये विमान अपघातात गेला. त्याच्याबरोबर केनेडी घराण्यातली कॅथलीनही गेली, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या जॉन केनेडीची बहीण. घर ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊ केलं होतं, तेही जुळलं नव्हतं. एवढ्या मोठ्या घराला धनी राहिला नव्हता.

इथं प्रवेश होतो लेडी मेबल यांचा. पीटरची आत्या. अर्लच्या घरात जन्मलेली ही बाई मजूर पक्षाची होती आणि वेस्ट रायडिंगच्या, म्हणजे यॉर्कशायरच्या पश्चिम भागाच्या, काउंटी कौन्सिलमध्ये होती. तिनं मध्यस्थी करून घराचा मोठा भाग कौन्सिलला भाड्यानं देववला. कुटुंबानं चाळीसेक खोल्या स्वतःकडे ठेवल्या आणि उरलेल्या घरात मुलींसाठी शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका घडवणारं कॉलेज सुरू झालं, लेडी मेबल कॉलेज. १९४९ पासून तीस वर्षं ते चाललं. पुढे ते शेफील्डच्या पॉलिटेक्निकमध्ये विलीन झालं. डागडुजीचा खर्च झेपेना म्हणून पॉलिटेक्निकनं १९८८ मध्ये घर सोडलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे घर आज उभं आहे ते त्या कॉलेजमुळे. पन्नाशीच्या दशकात इंग्लंडमध्ये अशा हवेल्या धडाधड पाडल्या जात होत्या. छताचं शिसं आणि आतलं लाकूड विकायचं, उरलेलं सुरुंगानं उडवायचं. वेंटवर्थच्या भोवती तर आधीच खणून ठेवलेलं होतं. अशा वेळी कोणीतरी तिथं दिवे लावत होतं, नळ दुरुस्त करत होतं, गळणारं छत कळवत होतं. पण घराची गोष्ट सांगताना लोक मार्क्विसवरून थेट आज घर सांभाळणाऱ्या ट्रस्टवर येतात आणि या तीस वर्षांना एक ओळ मिळते. मला ते मनापासून खटकतं.

तुमचं काय मत? आणि कोळसा खाणींबद्दल जाणकारांनी जरूर लिहावं.

चिकूवाडी

किती सुंदर लिहिलंय! अर्लची आत्या मजूर पक्षात, हे पहिल्यांदाच कळलं. वाचतेय.

वणीकर

रानवारा, धागा आवडला. माझी नोकरी चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या कोळसा खाणींत गेली, आता निवृत्त आहे. तुम्ही जाणकारांना हाक मारलीत म्हणून थोडं लिहितो.

ओपनकास्टमध्ये, म्हणजे वरून खणायच्या उघड्या खाणीत, कोळशापर्यंत पोचायला वरची माती, मुरूम, दगड सगळं उचलून बाजूला टाकावं लागतं. त्याला ओव्हरबर्डन म्हणतात, आमच्याकडे सगळे नुसतं ओबी म्हणतात. तुम्ही फोटोत पाहिले ते काळे डोंगर म्हणजे ओबीचे ढिगारे. एक टन कोळशासाठी किती ओबी काढावी लागते, यावर सगळं गणित असतं. थर वरच असेल तर काम स्वस्तात होतं, म्हणून सरकारला मोह झाला असणार. जमिनीखाली नवी खाण सुरू करायला वर्षं जातात, ओपनकास्टमधून काही महिन्यांत कोळसा हाती येतो. टंचाईत ही फार मोठी गोष्ट असते.

पण विद्यापीठाचं म्हणणंही पटण्यासारखं आहे. थर पृष्ठभागाला जिथं येऊन मिळतो तिथला कोळसा हवापाण्यानं खराब झालेला असतो. राख जास्त, उष्णता कमी. हे कुठल्याही खाणवाल्याला माहीत असतं. कामगारांना तर नक्कीच कळलं असणार, ते रोज खालचा चांगला कोळसा हाताळत होते. त्यामुळे त्यांच्या विरोधात निव्वळ मालकनिष्ठा असेल असं मला वाटत नाही. वाईट कोळशासाठी चांगली जागा खणताना पाहणं खाणवाल्याला सहन होत नाही.

आणखी एक. खड्डा बुजवून वर माती पसरता येते. वरची सुपीक माती आधीच वेगळी साठवली असेल तर गवतही चांगलं येतं. पण भरावाची जमीन वर्षानुवर्षं बसत राहते, पाण्याचा निचरा पूर्वीसारखा होत नाही, आणि दोनशे वर्षांची झाडं कोणी आणून लावू शकत नाही.

दक्षिणायन

लेख चांगला आहे, पण एक शंका. कामगारांनी बागेसाठी संप करायची तयारी दाखवली, हे आपण फार भावुक होऊन वाचतोय का? घर त्याचं, खाण त्याची, कामगाराची खोलीही त्याचीच. अशा गावात मालकाच्या बाजूनं उभं राहणं म्हणजे प्रेमच असतं असं नाही. अवलंबून असणंही असतं. शिनवेल स्वतः गरिबीतून वर आलेला कामगार नेता होता, डरहॅमच्या खाणपट्ट्यातून निवडून आलेला. ज्या वर्गानं दोनशे वर्षं जमिनीखालून काढलेल्या संपत्तीवर महाल बांधले, त्यांच्या बागेतून देशासाठी कोळसा काढला तर त्यात मला मुळात अन्याय दिसत नाही.

पिंपळपान

दक्षिणायन यांच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण तारखा पाहायला हव्यात. हुकूम १९४६ चा. खाणींचं राष्ट्रीयीकरण १ जानेवारी १९४७ ला झालं. म्हणजे कामगार विरोध करत होते तेव्हा खाणी अर्लच्या हातातून जाणार हे ठरलेलं होतं. उद्या जो मालक राहणार नाही त्याची भीती कशाला बाळगतील? उलट नवा मालक, म्हणजे सरकार, त्यालाच ते सुनावत होते.

टंचाई मात्र खोटी नव्हती. १९४७ च्या जानेवारी ते मार्चमधला हिवाळा ब्रिटनमध्ये आजही आठवला जातो. बर्फानं रेल्वे अडकली, कोळसा खाणींच्या तोंडाशी पडून राहिला, वीज कापावी लागली, कारखाने बंद पडले आणि वीस लाखांहून जास्त लोकांना तात्पुरतं घरी बसावं लागलं. शिनवेलवर चौफेर टीका झाली आणि त्याच वर्षी त्याचं खातं गेलं. ही पार्श्वभूमी धरली तर तो निव्वळ सूडानं वागला असं म्हणणं मला जड जातं. मात्र घराच्या दारापर्यंत जायची गरज होती का, याचं उत्तर टंचाईत सापडत नाही.

रानवारा

वणीकरकाका, अगदी हेच हवं होतं, मनापासून आभार. वरच्या थराचा कोळसा खराब का असतो हे मला कुठंच नीट वाचायला मिळालं नव्हतं.

दक्षिणायन, तुमची शंका मोलाची आहे. मी फिट्झविल्यमांना संत ठरवत नाहीये. चांगले मालक अशी त्यांची ख्याती होती, तरी ते मालकच होते. पण उद्यान गावकऱ्यांच्या पायाखालचं होतं, हे विसरता येत नाही. दिवसभर अंधारात काम करणाऱ्या माणसांना जवळपास तेवढीच मोकळी हिरवळ होती. बाग गेली तेव्हा अर्लकडे बाकी पुष्कळ उरलं होतं. खाणवाल्यांच्या वस्तीकडे दुसरी बाग नव्हती. म्हणून 'त्यांच्या बागेतून' हे शब्द मला इथं अपुरे वाटतात.

१९१२ ची एक घटना सांगते. पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी जुलैत या घरी मुक्कामाला होते. त्याच मुक्कामात, ९ जुलैला, जवळच्या केडबी खाणीत स्फोट झाला. नव्वदीच्या आसपास माणसं गेली, त्यात वाचवायला उतरलेले कितीतरी होते. ती खाण फिट्झविल्यमांची नव्हती. राजाराणी संध्याकाळी तिथं जाऊन आले. आत मेजवानीची तयारी आणि काही मैलांवर खाणीच्या तोंडाशी उभ्या बायका, हे दोन्ही या घराच्या भोवती कायम एकत्र होतं. म्हणूनच कामगारांचं मत हलकं समजू नये असं वाटतं.

अबोली_हॅरो

कॉलेजच्या मुद्द्याला माझं पूर्ण अनुमोदन. आम्हा लंडनजवळच्या भारतीयांना याचं उदाहरण माहीत आहे. हर्टफर्डशायरमधलं भक्तिवेदांत मॅनर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं पिगट्स मॅनर, पुढे तिथं परिचारिकांचं प्रशिक्षण चाले, आणि १९७३ मध्ये बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसननं ते विकत घेऊन इस्कॉनला दिलं. गोकुळाष्टमीला इतकी गर्दी व्हायला लागली की गावाच्या अरुंद रस्त्यांवरून वाद पेटला. कौन्सिलनं सार्वजनिक पूजेवर निर्बंध आणले. मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी १९९६ मध्ये गाव टाळून जाणाऱ्या वेगळ्या रस्त्यासह परवानगी मिळाली. आमच्या ओळखीची कितीतरी मराठी कुटुंबं दर जन्माष्टमीला जातात. तिथं उंच लाकडी तक्तपोशीखाली कीर्तन चालू असतं, मागं गोशाळा आहे. घर कोणाचं हा प्रश्न तिथंही आला होता. वापरणाऱ्यांनी तो सोडवून घेतला, पण वीसेक वर्षं लागली.

पिंपळपान

महाराष्ट्राशी जोडणारा एक धागा मलाही दिसतोय. १७८२ मध्ये रॉकिंगहॅम दुसऱ्यांदा पंतप्रधान होता तो मार्चअखेर ते १ जुलै एवढाच काळ. त्याच काळात, १७ मे १७८२ ला, ग्वाल्हेरजवळ सालबाईचा तह झाला. ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्या वतीनं डेव्हिड अँडरसन, मराठ्यांच्या बाजूनं महादजी शिंदे. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध त्या तहानं संपलं. जहाजानं बातमी इंग्लंडला पोचायला महिने लागत, त्यामुळे रॉकिंगहॅमला ती जिवंतपणी कळणं शक्यच नव्हतं. आणि गंमत पाहा, त्याच मे महिन्यात लंडनच्या पार्लमेंटमध्ये हेस्टिंग्जला परत बोलवावं असा ठराव होत होता. मराठ्यांशी केलेलं युद्ध हे त्याच्यावरच्या नाराजीचं एक मोठं कारण.

रॉकिंगहॅमचा एके काळचा खाजगी चिटणीस म्हणजे एडमंड बर्क. हेस्टिंग्जवर १७८८ पासून जो प्रसिद्ध खटला चालला तो उभा करणारा हाच. १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला ती गोष्ट वेगळी. वेंटवर्थच्या उद्यानाच्या कडेला रॉकिंगहॅमचं स्मारक आहे, त्यात त्याच्या मित्रांचे अर्धपुतळे आहेत. बर्कचाही आहे ना?

रानवारा

हो, बर्कचा आहे. मधोमध रॉकिंगहॅमचा पूर्णाकृती पुतळा, नोलेकन्सनं घडवलेला, आणि भोवती आठ मित्र. शिलालेखातला मजकूरही बर्कचाच. सालबाईची तारीख या कारकिर्दीत बसते हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं, पुढच्या वेळी स्मारकात उभी राहीन तेव्हा नक्की आठवेल. मात्र या घरामागचा पैसा मुख्यतः जमीन आणि कोळशाचा आहे. बंगालहून संपत्ती आणून घरं बांधणारे नबाब लोक वेगळे, हे स्पष्ट करते, कारण इंग्लंडातली प्रत्येक हवेली भारताच्या लुटीवर उभी आहे असं आपल्याकडे सरसकट म्हटलं जातं.

कृष्णाकाठ

१९८८ नंतर काय झालं? धागा तिथंच तुटलाय.

रानवारा

ते दिवस फार वाईट होते, म्हणून आवरतं घेतलं होतं. १९८९ मध्ये घर खाजगी मालकाकडे गेलं. त्याचा व्यवसाय बुडाला, बँकेनं जप्ती आणली. १९९९ मध्ये एका वास्तुविशारदाच्या कुटुंबानं ते पंधरा लाख पौंडांच्या थोड्या वर किमतीला घेतलं. एवढ्या पैशांत आज लंडनच्या चांगल्या भागात एक घर येतं. त्या कुटुंबानं मन लावून काम सुरू केलं, पण छताचा आवाकाच एवढा की एका घराला झेपणं शक्य नव्हतं. जुन्या खाणींमुळे जमीन खचून घराचं नुकसान झालं, असा मोठ्या रकमेचा दावा त्यांनी लावला होता. तो २०१६ मध्ये फेटाळला गेला. दरम्यान घर विक्रीला निघालं. हाँगकाँगच्या एका कंपनीशी बोलणी झाली आणि फिसकटली. शेवटी 'सेव्ह ब्रिटन्स हेरिटेज' या संस्थेच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या वेंटवर्थ वुडहाउस प्रिझर्वेशन ट्रस्टनं मार्च २०१७ मध्ये ७० लाख पौंडांना ते विकत घेतलं. त्याआधीच्या नोव्हेंबरात सरकारनं तातडीच्या डागडुजीला ७६ लाख पौंड मंजूर केले होते. विकत घेण्यापेक्षा गळती थांबवण्याचा खर्च जास्त, यावरून कल्पना करा.

मधल्या काळात घरातल्या वस्तूही बाहेर गेल्या. जॉर्ज स्टब्जनं काढलेलं 'व्हिसलजॅकेट' नावाच्या घोड्याचं भलंमोठं चित्र मूळचं इथलं, रॉकिंगहॅमचाच घोडा. १९९७ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीनं ते १ कोटी १० लाख पौंडांना घेतलं. म्हणजे दोन वर्षांनी अख्ख्या घराला जी किंमत आली, तिच्या सातपट त्यातल्या एका चित्राला आली होती.

वणीकर

खचण्याच्या दाव्याबद्दल लिहितो. जमिनीखालचा थर पूर्ण काढला की वरचं छत बसतं आणि त्याबरोबर पृष्ठभागही बसतो. लाँगवॉल पद्धतीत, म्हणजे लांब सलग पट्ट्यात थर पूर्ण काढत पुढे जायच्या पद्धतीत, हे बहुतांशी पहिल्या एक-दोन वर्षांतच होऊन जातं, नंतरची हालचाल थोडी असते. त्यामुळे अनेक दशकांनी भिंतीला तडा दिसला तर तो खाणीमुळे, ओलीमुळे, की पायाच्या जुन्या दोषामुळे, हे सिद्ध करणं फार अवघड. आमच्याकडेही खाणीजवळच्या गावांत घरांना तडे जातात आणि हाच वाद होतो. फरक एवढाच की तिथं वादी महालाचा मालक होता, इथं दोन खोल्यांच्या घराचा असतो. मोजमापं आधीपासून ठेवलेली नसतील तर दोघंही सारखेच हरतात.

दक्षिणायन

वणीकर, शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे.

रानवारा, कामगारांच्या हिरवळीबद्दलचं तुमचं उत्तर वाचून विचार केला. ते मला मान्य आहे. तरी एक सांगतो, लेडी मेबलची गोष्ट मला शिनवेलच्या गोष्टीची दुसरी बाजू वाटते. पक्ष एकच. एकानं श्रीमंताची जागा जनतेसाठी घ्यायची म्हणजे खणायची असं मानलं, दुसरीनं तिथं सामान्य घरांतल्या मुलींना शिकायला बसवलं. मला दुसरं पटतं.

अबोली_हॅरो

+१. अगदी हेच मनात आलं होतं.

मृद्गंध

शिक्षणक्षेत्रात असल्यानं भर घालते. हे एकट्या वेंटवर्थपुरतं नव्हतं. युद्धानंतर शिक्षकांची प्रचंड गरज होती आणि वेस्ट रायडिंगचे शिक्षणाधिकारी ॲलेक क्लेग यांनी रिकाम्या हवेल्यांत कॉलेजं उभी केली. ब्रेटन हॉलमध्ये १९४९ मध्ये कला, संगीत, नाट्य शिकवणाऱ्या शिक्षकांचं कॉलेज निघालं. त्याच्याच आवारात १९७७ पासून यॉर्कशायर स्कल्प्चर पार्क आहे, हिरवळीवर हेन्री मूरची शिल्पं आणि आजूबाजूला मेंढ्या. बार्न्सलीजवळच्या वेंटवर्थ कासलमध्येही शिक्षक प्रशिक्षण कॉलेज होतं. १९७८ पासून तिथं नॉर्दर्न कॉलेज आहे, शाळा अर्धवट सुटलेल्या प्रौढांसाठी निवासी शिक्षण देणारं. खाणी बंद पडल्यावर कितीतरी कामगार आणि त्यांच्या बायका तिथं शिकल्या.

रानवारा

मृद्गंधताई, वेंटवर्थ कासलचं नाव काढलंत म्हणून सांगते. ते घर याच घराण्यातल्या भाऊबंदकीतून जन्मलं. १६९५ मध्ये मिळकत वॉटसनांकडे गेली तेव्हा डावललेल्या वेंटवर्थनं १७०८ मध्ये शेजारची जमीन घेतली आणि यांच्या नाकावर टिच्चून बांधकाम काढलं. वेंटवर्थ वुडहाउस एवढं अवाढव्य होण्यात त्या चुरशीचा मोठा वाटा आहे. दोन भाऊबंदांनी एकमेकांना दाखवण्यासाठी बांधलेली घरं, आणि १९४९ च्या सुमारास दोन्हीकडे मास्तरणी तयार होत होत्या!

चिकूवाडी

आता ट्रस्ट तिथं काय करतंय? परत जुन्या वैभवासारखंच सजवणार का?

रानवारा

चिकूवाडी, आधी छत केलं. ते काम चालू असताना लोकांना परांचीवर चढवून वरून काम दाखवत होते, मला ती कल्पना अतिशय आवडली. आता लग्नं होतात, चित्रीकरणं होतात, मार्गदर्शकासह फेऱ्या असतात, आणि फेरी घडवणारे बरेचसे स्वयंसेवक आसपासच्या गावांतले आहेत. बागेतलं कॅमेलिया हाउस, म्हणजे कॅमेलियाच्या फार जुन्या झाडांचं काचघर, दुरुस्त करून तिथं चहाचं दुकान काढलंय. अठराव्या शतकात लेडी रॉकिंगहॅमचं चहापानही त्याच जागी चालायचं. स्थानिक मुलांना दगडकाम, सुतारकाम, खानपानसेवा यांचं शिक्षण आणि नोकऱ्या देणं हे ट्रस्टचं जाहीर उद्दिष्ट आहे. खाणी गेल्यापासून या पट्ट्यात कामाची वानवा आहे, त्यामुळे मला त्यात दिखावा वाटत नाही.

सजावटीचा प्रश्न मात्र खरा आहे. कुठल्या सालापर्यंत मागं जायचं? १७५० चा रंग लावायचा तर वरचे सगळे थर खरवडावे लागतील. संगमरवरी दालन आणि खांबांचं दालन जपावं, त्याबद्दल दुमत नाही. पण वरच्या मजल्यांवर कॉलेजच्या काळातल्या खुणा जिथं असतील तिथं निदान दोन-तीन खोल्या तशाच ठेवाव्यात असं मला वाटतं. लोखंडी पलंग, सूचनाफलक, खेळाचं साहित्य, जे मिळेल ते. त्या मुली आज सत्तरी-नव्वदीत आहेत. त्यांच्याकडून ऐकून घेण्याची वेळ हीच आहे. आणि १९४६ चे फोटो पश्चिमेकडच्या खिडक्यांशीच लावावेत, जिथून ते ढिगारे दिसत होते.

वणीकर

पूर्ण सहमत. आणि त्या फोटोंजवळ कोळशाचा एक खराब आणि एक चांगला तुकडा ठेवा म्हणावं. हातात घेतल्यावर फरक लहान मुलालाही कळतो.

कृष्णाकाठ

मॅंचेस्टरला बहिणीकडे जातोय, आईबाबा बरोबर आहेत. एका दिवसात जमेल का?

रानवारा

सहज जमेल. घर, स्मारक आणि एल्सकारचं इंजिन तिन्ही अगदी जवळजवळ आहेत. घराच्या फेरीची वेळ आधी संकेतस्थळावर बघून आरक्षण करा, लग्न किंवा चित्रीकरण असलं तर काही भाग बंद असतो. स्मारक ठरावीक दिवशीच उघडं असतं, तेही तपासा. आईबाबांना चालायला त्रास असेल तर फोन करून आधी सांगा, आत अंतरं मोठी आहेत. एल्सकार मात्र चुकवू नका. महाल आधी पाहून मग इंजिन पाहण्यापेक्षा उलट क्रमानं जा, पैसा कुठून आला ते आधी समजतं. निघायच्या आधी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी मोकळी असेन तर येईन.